सिम बदललं की नेटचं सेटिंग आपोआप काहून नाई येत?

धुऱ्यावरचा_बाभूळ

मंडळी, एक प्रश्न हाये, हसू नका. आमचं गाव दारव्हा तालुक्यात. गावात एका कंपनीचं टॉवर, वावरात दुसऱ्या कंपनीचं. सपरीत बसलो की पहिलीच्या चार काड्या अन् नाला ओलांडून वावरात गेलो की थे मेली अन् दुसरी जिवंत. आता तुमी म्हणसान दोन सिम टाक ना बे एकाच फोनात. तर फोनात दुसरी जागा हाये पण तिथं मेमरी कार्ड बसलं हाये, अन् त्याच्यात बाबाच्या भजनी मंडळाच्या रेकॉर्डिंगा हायेत, थे काढलं तर घरात जेवाले भेटणार नाई. म्हणून मी दोन सिम आलटून पालटून टाकत राहतो.

तर होते असं की गावातलं सिम टाकलं की नेट आपोआप सुरू. मले काहीच करा लागत नाई. वावरातलं टाकलं की कॉल लागते, मेसेज येते, काड्या बी दिसते, पण नेट नाई. मंग मोबाईल नेटवर्क, मंग एपीएन (म्हणजे कंपनीच्या नेटच्या दाराचं नाव), मंग नवीन, मंग हातानं टाइप करा. दरवेळी! ई-पीक पाहणीचा फोटो वावरात उभं राहूनच काढा लागते, ऊन डोस्क्यावर, स्क्रीन दिसत नाई, सिमचा ट्रे काढाची पिन कवाच हरवली तर बाभळीच्या काट्यानं ट्रे काढतो (नाव उगाच नाई ठेवलं), अन् वरून हे टायपिंग.

एक सिम ओळखते अन् दुसरं नाई, हे कसं? अन् एकदा टाकलेलं सेटिंग फोन ध्यानात काहून नाई ठेवत? फोनले असं काही सांगता येते का की हे सिम आलं की हे लाव अन् थे आलं की थे लाव?

तर्रीपोहा

नेट नाई तर हा धागा कुठून टाकला?

धुऱ्यावरचा_बाभूळ

सपरीतून टाकला भाऊ. चार काड्या.

फुकटचा_सल्लागार

रिचार्ज संपलं असन. आधी ते पाहा. दहातले नऊ वेळा तेच असते.

धुऱ्यावरचा_बाभूळ

रिचार्ज हाये. हातानं टाइप केलं की चालते ना नेट, मंग रिचार्ज कसं संपलं असन?

फुकटचा_सल्लागार

मंग एपीएन रीसेट मारा. वरच्या कोपऱ्यात तीन टिपके असतात, ते दाबलं की खाली "रीसेट टू डिफॉल्ट" येते. फोन स्वतःच पाहून घेते.

सपरीतली_काकू

सपरी म्हटल्यावर मी आलेच 😀 मी अंगणवाडीत आहे, वाशीम जिल्ह्यात. आमच्या फोनवर पोषण ट्रॅकर भरावं लागते म्हणून नेट म्हणजे आमचा श्वास. मागच्या साली माझ्या मदतनीस ताईच्या फोनमध्ये मी स्वतः एपीएन टाकलं, बरोबर टाकलं, चार वेळा तपासलं, अक्षर न् अक्षर बरोबर, तरी नेट नाही. दोन दिवस गेले. शेवटी माझ्या पोराने पाहिलं तर शेवटच्या अक्षरानंतर एक स्पेस पडलेली. दिसत नाही ना ती! कीबोर्ड वर शब्द सुचवतो, आपण त्यावर बोट ठेवतो, आणि तो शब्दासोबत एक स्पेस आपल्या मनाने टाकून देतो. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते की एपीएन टाइप करताना सुचवलेल्या शब्दावर बोट ठेवायचं नाही, एकेक अक्षर दाबायचं, आणि शेवटी एकदा मागे जाऊन कर्सर खरंच शेवटच्या अक्षराला चिकटून आहे का ते बघायचं.

मूळ_मूर्तिजापूरकर

काकूंनी सांगितलेलं लाखमोलाचं आहे. मी पुण्यात याच क्षेत्रात काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

फोन सिमला कशावरून ओळखतो? तर सिमवर एक १५ आकडी क्रमांक लिहिलेला असतो, त्याला आयएमएसआय म्हणतात. तुमचा मोबाईल नंबर वेगळा आणि हा वेगळा. यातले पहिले ३ आकडे देशाचे. भारताला ४०४ आणि ४०५ मिळालेले आहेत. त्यापुढचे २ किंवा ३ आकडे म्हणजे कंपनी आणि सर्कल, म्हणजे मोबाईल सेवेचा विभाग. आपल्या महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये बीएसएनएल ४०४-६६, एअरटेल ४०४-९०, जुनी आयडिया ४०४-२२, जुनी व्होडाफोन ४०४-२७. जिओला ४०५ च्या पुढे आठशेवरचे तीन आकडी मिळाले आहेत.

आता फोनच्या पोटात एक यादी असते. अँड्रॉइडमध्ये ती चक्क एक लांबलचक मजकुराची फाईल असते, जगभरातल्या कंपन्यांची. त्यात एकेका ओळीत लिहिलेलं असतं की अमुक देश, अमुक कंपनी, तर एपीएन हे, प्रकार हा. सिम आत गेलं की फोन हे पहिले पाच-सहा आकडे वाचतो, यादीत शोधतो, ओळ सापडली की सेटिंग लावतो. याला आपण आपोआप म्हणतो. तलाठ्याच्या वहीत गट नंबर शोधावा तसं आहे हे, यापेक्षा जास्त हुशारी त्यात नाही.

म्हणजे बाभूळभाऊ, तुमच्या फोनच्या यादीत गावातल्या सिमची ओळ आहे आणि वावरातल्या सिमची नाही, असा माझा अंदाज. वावरातलं सिम टाकल्यावर, हाताने काही भरायच्या आधी, एपीएनच्या पानावर काय दिसतं? कोरं दिसतं की चार-दोन नावं असतात?

जुना_नोकिया

ही यादी म्हणजे मतदार यादी समजा. मेलेले बी असतात त्यात. एका कस्टमरच्या फोनची फाईल मी एकदा उघडून पाहिली होती, एअरसेल, युनिनॉर, डोकोमो, सगळे वारलेले पाहुणे तिथं नांदत होते.

पऱ्हाटी_जिंदाबाद

मले नाई पटत हे आकड्याचं. फोन नंबरवरून ओळखते. माह्या भावाचा नंबर सुरुवातीपासून एका सिरीजचा, त्याचं नेट कधी अडलं नाई. माह्या नंबर वेगळ्या सिरीजचा, माह्यावालं नेहमी अडते.

मूळ_मूर्तिजापूरकर

पऱ्हाटीभाऊ, नंबर पोर्ट केला की काय होतं ते आठवा. १९०० वर मेसेज पाठवतो, नंबर तोच राहतो, पण सिम नवीन मिळतं ना? नव्या सिमवर नव्या कंपनीचा आयएमएसआय असतो. नंबरच्या सिरीजवरून फोन ओळखत असता, तर २०२४ च्या जुलैत रिचार्ज महागल्यावर जे इतके लोक पोर्ट होऊन बीएसएनएलला गेले, त्या सगळ्यांच्या फोनात जुन्याच कंपनीचं सेटिंग लागलं असतं.

पऱ्हाटी_जिंदाबाद

हाव, हे बरोबर हाये. मंग माह्या भावाचा फोन महागाचा हाये एवढंच. बरं त्यावरून मले माह्या स्टार्टरबद्दल विचाराचं होतं पण मंग विचारतो.

मेळघाट_मास्तर

तुमची चर्चा वाचून हेवा वाटतो. चार काड्या म्हणे, आणि दोन-दोन कंपन्या म्हणे. आमच्या शाळेच्या मागे टेकडी आहे, तिच्यावर एक मोहाचं झाड आहे, त्याच्या बुंध्याला पाठ लावून उभं राहिलं की दीड काडी येते. पाठ काढली की गेली. हजेरी भरायला मी रोज तिथे जातो, आणि मोहफुलांच्या दिवसात तिथे जाण्याचा लोक काय अर्थ काढतात ते सांगायला नको. एपीएनची यादी कितीही ताजी ठेवा हो, टॉवरच नसेल तर यादी काय करणार.

तर्रीपोहा

गुरुजी मोहाच्या झाडाखाली रोज 😂😂 हजेरी कोणाची लागते ते सांगा आधी

मेळघाट_मास्तर

तर्रीपोहा, तुझं नाव लिहून ठेवलं आहे.

जुना_नोकिया

आमच्या काळात हे सगळं हातानंच होतं भाऊ. मी चिखलीले मोबाईलचं दुकान चालवत होतो, २००८-०९ च्या सुमाराची गोष्ट. माणूस नवीन सिम घेऊन यायचा, मी त्याच्या फोनवरून कंपनीले एक मेसेज धाडायचो, थोड्या वेळानं कंपनीकडून सेटिंगचा मेसेज यायचा. त्यो उघडला की फोन पिन मागायचा, आमी १२३४ टाकायचो, नाई चाललं तर ००००. सेव्ह झालं की "जीपीआरएस आलं" म्हणून मी दहा रुपये घ्यायचो. लोक मले इंजिनियर समजायचे. पोराईच्या लग्नात अहेर बी चांगला आला त्या पुण्याईवर.

मंग अँड्रॉइड आले अन् सेटिंग आपोआप यायले लागलं अन् माह्या इंजिनियरकी बुडाली. आता मी रिचार्ज अन् कव्हर विकतो.

एक सांगतो, तेव्हाची सवय म्हणून अजून लोक अनोळखी नंबरवरून आलेला "इंटरनेट सेटिंग सेव्ह करा" असा मेसेज सेव्ह करून टाकतात. नका करू. थे सेटिंग कोणी बी धाडू शकते अन् त्यात प्रॉक्सी टाकून तुमचं नेट आपल्या घरावरून फिरवू शकते. २०१९ मध्ये चेक पॉइंट नावाच्या सुरक्षा कंपनीनं हेच करून दाखवलं होतं. तुमी स्वतः मागवलं असन तरच सेव्ह करा.

तर्रीपोहा

आणि यूट्यूबवर जे "हे एपीएन टाका, स्पीड पाचपट" म्हणतात ते?

मूळ_मूर्तिजापूरकर

गप्पा. एपीएन म्हणजे कंपनीच्या नेटवर्कमधून इंटरनेटकडे जायच्या दाराचं नाव. दाराचं नाव बदललं म्हणून रस्ता रुंद होत नाही. टॉवरवर गर्दी आहे, तुम्ही टॉवरपासून लांब आहात, ही कारणं दारावर पाटी बदलून जात नाहीत.

सिरोंचा_एक्सप्रेस

(रेल्वे आमच्याकडे नाही, फक्त नावात आहे.)

आमचा त्रास वेगळा. प्राणहिता ओलांडली की तेलंगणा. ओलांडायची बी गरज नाही, काठावर उभं राहिलं तरी फोन पलीकडचं टॉवर पकडतो, कारण पलीकडचं जवळ असते. मग कॉल चालू अन् नेट बंद. मी चार महिने एपीएन बदलत बसलो होतो. जेवढी नावं मिळाली तेवढी टाकून पाहिली. शेवटी कळलं की डेटा रोमिंगचं बटन बंद होतं, बस. आपलं सर्कल महाराष्ट्राचं, टॉवर दुसऱ्या सर्कलचं, म्हणून फोन त्याले रोमिंग समजतो. ते बटन सुरू केलं, एपीएन जसं होतं तसं ठेवलं, नेट सुरू.

वैनगंगा_काठ

हव जी, आमच्याकडं सालेकसा भागात बी असंच. छत्तीसगडचं टॉवर लागते. पण मले एक समजलं नाही जी, टॉवर बदललं म्हंजे ते आकडे बी बदलत असतील ना? मग फोन दुसरी ओळ शोधत असन.

मूळ_मूर्तिजापूरकर

नाही. टॉवरचेही स्वतःचे आकडे असतात, बरोबर, पण यादीत शोधताना फोन सिमचे आकडे पाहतो. तुम्ही सासरी गेलात म्हणून आडनाव बदलत नाही.

सपरीतली_काकू

आमचं बदलतं हो 😀

मूळ_मूर्तिजापूरकर

चुकलो काकू. जावयाचं उदाहरण समजा.

वैनगंगा_काठ

समजलं जी. धानाच्या बांधीत उभं राहून वाचतो, आता रोमिंगचं बटन पाहातो.

पऱ्हाटी_जिंदाबाद

आता माह्यावालं विचारतो. धागा भरकटते पण जवळचाच विषय हाये. माह्या वावरात विहिरीवर मोबाईल स्टार्टर हाये. त्या डब्यात सिम असते, घरून मिसकॉल मारला की मोटर सुरू. आमच्याकडं थ्री फेज लाईन हप्त्यातले काही दिवस दिवसा अन् काही दिवस रातीची असते. राती दोन वाजता ओलीत कराले जाणं म्हणजे काय असते हे ज्याले माहीत त्यालेच माहीत. बॅटरीचा उजेड मारत जा, रोही धावत आलं तर बरं, दुसरं काही आलं तर मंग घरचे पेपरातच वाचते. म्हणून हजारो रुपये घालून स्टार्टर बसवला.

तर आता नवीन स्टार्टर आणला, ॲपवाला. मिसकॉल नाई, ॲपवर दिसते की लाईन आली का, मोटर किती तास चालली. त्याच्यात जुन्याच डब्यातलं सिम टाकलं तर चालेना. मंग घरात पडलेलं एक नवीन सिम टाकलं, थे बी चालेना. फोनात टाकलं की दोन्ही सिमच्या काड्या मस्त दिसते. हा डबा आपोआप सेटिंग काहून नाई घेत?

जुना_नोकिया

कारण डब्याच्या पोटात यादीच नसते. फोन बनवणाऱ्यानं जगभराची यादी भरून देलेली असते, स्टार्टर बनवणाऱ्यानं बहुतेक एकच एपीएन टाकलेलं असते. बाकी तुमी मेसेजनं सांगाचं. डब्यासोबत एक कागद आला असन, त्यात लिहिलं असते की एपीएन कसं धाडाचं. प्रत्येक डब्याचा मेसेज वेगळा. तो कागद सापडते का पाय.

दुसरं, डबा २जीवाला हाये की ४जीवाला हे विचार. मिसकॉलवाले जुने डबे बहुतेक २जी. ज्या कंपनीकडं २जी नाईच तिचं सिम त्यात टाकलं तर सेटिंग काय, काहीच होणार नाई. तुह्यावालं दुसरं सिम तशातलं असू शकते.

पऱ्हाटी_जिंदाबाद

कागद बायकोनं कपाटात पेपराखाली अंथरला होता. सापडला. लिहिलं हाये की एपीएन शब्द, मंग स्पेस, मंग नाव. सांज पडली की करतो, आता वेचाईवाल्या बाया आल्या हायेत.

तर्रीपोहा

कापसाचा काय भाव सुरू आहे तिकडं?

पऱ्हाटी_जिंदाबाद

भाव विचारून जखमेवर मीठ नको टाकू बे.

मूळ_मूर्तिजापूरकर

स्टार्टरसारखंच ४जी राउटर, शेतातले कॅमेरे, डोंगल यांचंही आहे. काहींत यादी असते, काहींत नसते. लिनक्सवर तर डोंगलसाठी अशी यादी लोकांनीच मिळून बनवली आहे, कोणीही आपल्या देशातल्या कंपनीची ओळ दुरुस्त करून पाठवू शकतो.

पण आकड्यांवरून शोधण्यात एक गोम आहे. व्होडाफोन आणि आयडिया २०१८ मध्ये एक झाल्या, २०२० मध्ये नाव व्हीआय झालं. पण जुनी सिमं जुन्याच आकड्यांची राहिली. व्होडाफोनच्या सिमला एपीएन तीन डब्ल्यू आणि आयडियाच्या सिमला "इंटरनेट" हा इंग्रजी शब्द. कंपनी एक, दुकान एक, बिल एक, पण कोणतं सिम कुठलं हे आकड्यांवरूनच कळतं. एकाच घरात दोघांना दोन वेगळे एपीएन का, असं विचारणारे मला दर महिन्याला भेटतात. उलटं पण असतं, एकाच आकड्यावर दोन ब्रँड, मग फोन सिमवरचं नाव किंवा आणखी एखादा गटक्रमांक वाचून फरक करतो.

बाकीचे सांगून ठेवतो, कोणाला हाताने भरायचे असतील तर. बीएसएनएलचं बीएसएनएलनेट, जिओचं जिओनेट, एअरटेलचं एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम. सगळं इंग्रजीत, सगळं जोडून, स्पेस नाही (काकूंना नमस्कार). युजरनेम, पासवर्ड, प्रॉक्सी, पोर्ट कोरे ठेवायचे. प्रोटोकॉल आयपीव्ही४/आयपीव्ही६ असा दोन्हींचा एकत्र पर्याय असेल तो ठेवा.

सपरीतली_काकू

बीएसएनएलवरून आठवलं. आमच्याकडे बऱ्याच जणी जुनंच सिम वापरतात आणि ४जी येत नाही म्हणून एपीएन बदलत बसतात. बीएसएनएलचं स्वदेशी ४जी २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशात झारसुगुड्याहून देशभर सुरू केलं, पण २जी-३जीच्या काळातलं जुनं सिम असेल तर ते बदलून ४जीवालं घ्यावं लागतं. एपीएन तेच राहतं.

आयफोनवाला_अकोट

आमच्याकडं असलं काही नसते. सिम टाकलं की "कॅरियर सेटिंग अपडेट" असं विचारते, हो म्हटलं की झालं. ॲपल प्रत्येक कंपनीचं सेटिंग वेगळं बनवून धाडते.

तर्रीपोहा

भाऊनं आयफोन आहे हे सांगायची संधी सोडली नाही

आयफोनवाला_अकोट

किस्त चालू आहे भाऊ, किमान सांगू तर दे.

धुऱ्यावरचा_बाभूळ

मंडळी दोन दिवस आलो नाई, सोयाबीन काढणं सुरू हाये. सगळं वाचलं. मूर्तिजापूरकर दादा, तुमी विचारलं होतं थे पायलं. वावरातलं सिम टाकून, रीसेट मारून एपीएन उघडलं तर पान कोरं. एक बी नाव नाई. गावातलं टाकलं तर तीन नावं येते. म्हणजे तुमचा अंदाज बरोबर.

फोनचं सांगतो, माह्या साडभाऊनं दुबईहून आणलेला, दोन साल त्यानं वापरला मंग मले देला. अपडेट कवाचंच येणं बंद झालं.

सल्लागार भाऊनं सांगतलं थे रीसेट हेच. काही फरक नाई. तसं मी रीसेट दरवेळीच मारतो.

मूळ_मूर्तिजापूरकर

थांबा. दरवेळी म्हणजे?

धुऱ्यावरचा_बाभूळ

म्हणजे दरवेळी. पहिल्यांदा तालुक्यातल्या दुकानात दाखवलं होतं तवा त्या पोट्ट्यानं सांगतलं की आधी रीसेट मार, मंग हातानं टाक, म्हणजे जुनं काही अडत नाई. तवापासून वावरात गेलो की काट्यानं ट्रे काढतो, सिम टाकतो, रीसेट मारतो, मंग टाइप करतो. नेट सुरू होते.

मूळ_मूर्तिजापूरकर

हे बघा, सापडलं! तुम्ही हाताने भरलेलं एपीएन फोन ध्यानात ठेवतो. त्या सिमच्या आकड्यांच्या नावाने ठेवतो. सिम काढलं तरी ते आत पडून असतं, तेच सिम परत आलं की परत वर येतं. पण रीसेटचा अर्थच असा की हाताने भरलेलं सगळं पुसायचं आणि कारखान्यातून आलेली यादी परत आणायची. तुमच्या कारखान्याच्या यादीत त्या कंपनीची ओळ नाही, म्हणून पान कोरं. म्हणजे तुम्ही स्वतः लिहायचं, आणि पुढच्या वेळी स्वतःच पुसून परत लिहायचं, असं चाललंय.

जुना_नोकिया

अरे देवा. किती दिवसापासून?

धुऱ्यावरचा_बाभूळ

मागच्या पेरणीपासून.

तर्रीपोहा

पेरायचं आणि वखर फिरवायचा, पेरायचं आणि वखर फिरवायचा 😂

फुकटचा_सल्लागार

पण रीसेटनं बऱ्याच जणाईचं काम होते हे बी खरं आहे. माझं झालं होतं.

मूळ_मूर्तिजापूरकर

होतं. तुमच्या यादीत ओळ असेल आणि कोणीतरी हाताने बिघडवून ठेवली असेल, तर रीसेट बरोबर. यादीतच ओळ नसेल तर रीसेट म्हणजे आहे तेही घालवणं. म्हणून रीसेटच्या आधी त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा.

बाभूळभाऊ, एकदाच शांतपणे भरा, सपरीत बसूनच भरा, टॉवर लागत नसला तरी सिम आत असलं की भरता येतं. नाव, एपीएन, आणि एपीएन टाइपच्या रकान्यात डिफॉल्ट, स्वल्पविराम, एसयूपीएल, इंग्रजीत. मग तीन टिपके, सेव्ह. पान बंद करून परत उघडा आणि नाव दिसतं का बघा. त्याच्यासमोरचा गोल निळा झाला पाहिजे. मग सिम काढा, गावातलं टाका, परत वावरातलं टाका, आणि रीसेटला हात लावू नका.

वैनगंगा_काठ

आणि त्याचे देशाचे-कंपनीचे आकडे जे रकाने असतात एमसीसी, एमएनसी, ते भरायचे का जी?

मूळ_मूर्तिजापूरकर

ते सिमवरून आपोआप भरलेले येतात. त्यांना हात लावू नका. तिथे चुकीचा आकडा टाकला तर सेव्ह केलेली ओळ यादीतून गायब होते, कारण फोन ती दुसऱ्याच कंपनीच्या नावावर ठेवतो. लोक म्हणतात सेव्हच होत नाही. होतं, पण दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर.

मेळघाट_मास्तर

मोहाखाली उभं राहून वाचतो आहे. हे सातबाऱ्याचं आवडलं. शिक्षकांच्या ग्रुपवर टाकतो, तिथे तिघांचा हाच प्रश्न आहे.

सपरीतली_काकू

बाभूळभाऊ, मेमरी कार्डातली भजनं एखाद्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, मग दोन्ही सिमं आतच राहतील. काट्याची गरजच नाही.

धुऱ्यावरचा_बाभूळ

काकू, हे बाबाले तुमीच सांगा. मी एकदा बोललो होतो, थे म्हणे पेनड्राइव्ह कीर्तनाले नेता येते काय.

धुऱ्यावरचा_बाभूळ

झालं मंडळी. काल राती सपरीत बसून भरलं, काकूनं सांगतलं तसं एकेक अक्षर दाबलं, सेव्ह केलं, निळा गोल आला. आज सकाळी वावरात सिम बदललं. काही केलं नाई, नुसता उभा होतो, अन् वाट्सॲपचे मेसेज धडाधड पडाले लागले. सवयीनं बोट त्या तीन टिपक्यावर गेलं होतं, हात मागं घेतला.

काटा मात्र ट्रेच्या छेदात तुटला. थे आता काढा लागन.

तर्रीपोहा भाऊ, हे वावरातून टाकून राहिलो.

तर्रीपोहा

जय हो. काटा सुईनं काढ, दुसऱ्या काट्यानं काढू नको.

पऱ्हाटी_जिंदाबाद

माह्या स्टार्टरचं कोणी पाहील का? डबा ४जीवाला हाये, विचारून घेतलं. कागदावर लिहिल्यापरमानं मेसेज धाडला, एपीएन, स्पेस, नाव. तीन वेळा धाडला. डब्याकडून "ओके" असं उत्तर येते म्हणून लिहिलं हाये, काहीच येत नाई.

जुना_नोकिया

नाव बरोबर टाकलं का? शेवटी स्पेस?

पऱ्हाटी_जिंदाबाद

स्पेस नाई. काकूचं वाचलं होतं.

जुना_नोकिया

सिम काढून फोनात टाकून पाय. मेसेज जाते का त्यावरून?

पऱ्हाटी_जिंदाबाद

टाकलं. जात नाई. कॉल बी लागत नाई.

फुकटचा_सल्लागार

रिचार्ज आहे का त्यात?

पऱ्हाटी_जिंदाबाद

...

पऱ्हाटी_जिंदाबाद

पोळ्याच्या आधीच संपलं हाये.